नको म्हटलेली कोंबडी

आफ्रिकेतून परत आल्यापासून वसमतमध्ये जो भेटतो तो एकच विचारतो, "काय वो, सिंह दिसला का?" न्हाई दिसला. हत्ती न्हाई, जिराफ न्हाई. मला दिसली एक तांबडी कोंबडी, आणि मी तिच्याबद्दलच लिहिणार आहे. ज्याला सिंह पाहिजे त्यानं टीव्ही लावावा.

मी सुनंदा. वसमतला बायकांना शिवणकाम शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवते. चर्च म्हणजे पत्र्याचं छोटं सभागृह. चपला बाहेर, सतरंजीवर मांडी, आणि टाळ-ढोलकीवर भजनं. मर्सी नावाची मलावी देशातली पोरगी नांदेडला नर्सिंग शिकायला होती. ती रविवारी बसनं आमच्या चर्चला यायची आणि माझ्याकडं जेवून जायची. शिकून परत गेल्यावर तिनं तिच्या गावच्या चर्चमधून आम्हाला बोलावणं धाडलं. मुलांची बायबलशाळा घ्यायची, बाक दुरुस्त करायचे, बायकांना शिवण शिकवायचं, असं थोड्या दिवसांचं सेवेचं काम. आम्ही चौघं निघालो: पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी, परभणीचा एक सुतार आणि मी, माझी पेटी घेऊन.

वसमत, निघताना

निघायच्या दिवशी शेजारच्या कमलवैनी दशम्यांचं गाठोडं घेऊन आल्या.

"नको वो वैनी, इमानात जेवण देतेत."

"देऊ दे की. त्यात काय चव ऱ्हाती का?"

"न्हाई वो, बॅगेत जागा न्हाई."

"गप बस, सुनंदे," म्हणत त्यांनीच बॅग उघडली, माझं स्वेटर बाहेर काढून ठेवलं आणि तिथं दशम्या कोंबल्या. "आफ्रिकेत काय करतीस स्वेटर? तिकडं तर नुसतं ऊन."

आपल्याकडची ही रीतच आहे. पाहुण्यानं नको म्हणायचं, घरच्यानं वाढायचं. पहिल्याच हाकेला जो ताट पुढं करतो त्याला आपण हावरट म्हणतो, आणि नको म्हटल्यावर जो खरंच वाढत नाही त्याच्या घरी पुन्हा पाय ठेवत नाही. माझे मालक वारले तेव्हा याच कमलवैनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं आणायचं असतं. मी नको नको म्हणत होते आणि त्या घास करून माझ्या तोंडात घालत होत्या. मी ख्रिस्ती आणि त्या हिंदू, हे त्या दिवशी दोघींपैकी एकीच्याही ध्यानात नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते याच रीतीपायी झालं.

डोंगराखालचं गाव

विमानं, रांगा आणि शिक्के यांचं रडगाणं गात नाही. मलावीच्या दक्षिणेला झोंबा नावाचा भला थोरला डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी मर्सीचं गाव. जून संपत आला होता. आपल्याकडं पेरण्यांची धांदल, आणि तिकडं ऐन हिवाळा. डोंगरावरून धुकं आणि बारीक भुरभुर उतरायची, दातावर दात वाजायचे. माझं स्वेटर वसमतला खुंटीवर. पहिल्याच संध्याकाळी मर्सीच्या आईनं मला घोंगडीत गुंडाळून चुलीपुढं बसवलं, तेव्हा मी मनातल्या मनात कमलवैनीला चार शब्द ऐकवले.

मर्सीची आई जेवायच्या आधी तांब्या घेऊन माझ्यापुढं गुडघ्यावर बसली आणि माझ्या हातावर पाणी घालू लागली. माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई! मी तिला उठवायला धावले. मर्सी म्हणाली, "मावशी, बसा. हा पाहुण्याचा मान आहे." मर्सी माझ्याशी हिंदीतच बोलायची, मध्ये मध्ये मराठी शब्द घालून. मी इथं सरळ मराठीत लिहिते आहे.

तिथलं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानं गोळा करायचा आणि पालेभाजीत बुडवून खायचा. दोन दिवस मला भाकरीची आठवण छळत होती. मग एका सकाळी चर्चकडं जाताना मी रस्त्यातच थांबले. मक्याच्या वाळल्या धाटांमध्ये उंच झाडं, पिवळी फुलं, भरलेल्या शेंगा.

"अगं बाई, तूर!"

"नांडोलो," मर्सी म्हणाली. "ही तुमच्याच देशात जाते विकायला."

मी एक शेंग सोलून दाणा तोंडात टाकला. तीच चव. बाळापूरच्या रस्त्याला असते तशीच्या तशी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू? त्या संध्याकाळी तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी केली, सोबत नेलेली वसमतची हळद आणि काळं तिखट घालून. तिखटानं मर्सीच्या आईला ठसका लागला, पण भांडं घासूनपुसून संपलं. दुसऱ्या दिवशी शिवणाला आलेल्या बायका माझी हळदीनं पिवळी झालेली बोटं एकमेकींना दाखवत होत्या.

या बायका आधी मला विचारायच्या, "तुमचं दुकान कुठं आहे?" तिथं त्यांनी पाहिलेला भारतीय म्हणजे दुकानदार. भारतात गरीब माणूस असतो, तो शेत करतो, आणि त्यातला कुणी त्यांच्यासारखा ख्रिस्ताचं नाव घेतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. मी म्हटलं, "माझं दुकान म्हणजे सुई-दोरा." मग हसल्या.

रविवारी आम्ही चपला दारात काढून चर्चमध्ये गेलो. तिथले लोक तर बूट चकचकीत करून येतात. उपासना सुरू असताना कुणीतरी आमच्या चपला आत आणून आमच्या पायांशी नीट लावून ठेवल्या. विसरल्या असं वाटलं त्यांना. आणि मग ते गायला उभे राहिले. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी तिच्याखाली, तिच्यावर, तिच्या बाजूला आवाज लावायचे. मी इतकी वर्षं पेटी वाजवते, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

मर्सी माझ्या कानात म्हणाली, "तमांडा असती तर अजून ऐकलं असतं. ही ओळ तिची. आमच्या गायनमंडळाची ती पुढारी."

तमांडा तिशीच्या आतली. पोटाचा आजार. इस्पितळानं हात टेकले होते आणि तिला घरी आणलं होतं. गळ्यातून आता नीट आवाजही निघत नव्हता. ओढ्यापलीकडं तिचं घर, घरात फक्त म्हातारी आई.

"आपण जाऊ या की भेटायला," मी म्हटलं.

"जाऊ. पण तिची आई फार मानी आहे. तिच्याकडून बोलावणं आल्याशिवाय नाही जायचं. येईल बोलावणं, मी सांगितलंय तिला तुमच्याबद्दल."

मग मी बोलावण्याची वाट बघू लागले. पोरीला कुठलं भजन ऐकवायचं हेही मनाशी ठरवून ठेवलं होतं.

कोंबडी

शिवणाचा वर्ग चर्चच्या ओसरीवर भरायचा. त्या दिवशी मर्सी दवाखान्यात ड्युटीवर होती. बायका गेल्या होत्या, मी एकटीच कापडाचे तुकडे गोळा करत होते. तेवढ्यात एक म्हातारी आली. डोक्याला फडकं, पाय अनवाणी, काखेत तांबडी कोंबडी. माझ्यापुढं गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी कोंबडी पुढं केली आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. मला त्यातलं 'अमायी' तेवढं कळलं. अमायी म्हणजे आई, बाई.

कोंबडी मला देऊन राहिली हे तर दिसतच होतं. माझ्या मनात आलं, हिच्या घरात काय असेल नसेल, आणि हिची अंड्यावरची कोंबडी मी खाऊ? मी हसून मान हलवली. "न्हाई न्हाई, आई, ऱ्हाऊ दे." पोटावर हात फिरवून पोट भरलंय असं दाखवलं. कोंबडी हलकेच तिच्याकडं सरकवली. आता ती पुन्हा पुढं करील, मी पुन्हा नको म्हणेन, तिसऱ्यांदा घ्यावीच लागेल. मग बघू.

तिनं पुन्हा पुढं केली नाही. माझ्या तोंडाकडं एकवार बघितलं, ओंजळीसारखे हात जुळवून दोनदा हलकी टाळी वाजवली. ही त्यांची आभार मानायची पद्धत. मग कोंबडी काखेत घेऊन ती आली तशी निघून गेली. मला तर बरंच वाटलं. गरिबाची कोंबडी वाचवली म्हणून मी स्वतःवरच खूश.

नंतर दोन-तीन दिवस गेले. निघायचा दिवस उद्यावर आला. संध्याकाळी जेवताना मर्सी म्हणाली, "तमांडाकडून बोलावणं कसं नाही आलं? तिच्या आईनं तर मला सांगितलं होतं, बोलावते म्हणून."

मी आपली गंमत म्हणून कोंबडीची गोष्ट सांगितली. म्हातारी कशी आली, मी पोट कसं दाखवलं. मर्सीच्या हातातला घास तसाच राहिला.

"मावशी, ती तमांडाची आई होती."

"मग कोंबडी काहून आणली तिनं?"

"ती कोंबडी म्हणजेच बोलावणं. मोठं मागणं असलं की आमच्याकडं हात रिकामा घेऊन येत नाहीत. तमांडानं पाठवलं होतं तिला. गायनमंडळाच्या बायकांनी तुमच्या पेटीचं सांगितलं होतं, तिला एकदा जवळून ऐकायची होती. तुम्ही कोंबडी घेतली नाही, म्हणजे तुम्ही येणार नाही."

"मग तिनं पुन्हा काहून न्हाई म्हटलं?" मी ओरडलेच. "एकदा तरी आग्रह करावा माणसानं!"

"मावशी, आमच्यात नको म्हणजे नको. पाहुण्याच्या नकोवर जोर करणं म्हणजे त्याचा अपमान. नांदेडला मेसच्या काकू मी नको म्हटलं तरी भात वाढायच्या. मला वाटायचं, यांना ऐकायला येत नाही."

दुसऱ्या वेळी मी यावर हसून लोटपोट झाले असते. त्या दिवशी मी हात धुवून उठले. तिकडं ओढ्यापलीकडं एक पोरगी पडून होती, आणि तिला तिच्या आईनं सांगितलं होतं की भारतातली बाई यायला नको म्हणाली. माझ्या तोंडून निघालेला चांगुलपणाचा शब्द तिच्या घरात असा जाऊन पोचला होता.

मी पाळकसाहेबांकडं गेले. ते म्हणाले, "सुनंदाबाई, सकाळी निरोपाची सभा हाये. सगळं गाव येऊन राहिलं. सभा झाली की लगेच गाडी. आपण इथूनच प्रार्थना करू तिच्यासाठी."

"प्रार्थना तर मी वसमतहून बी करीन की," मी म्हटलं. "सभेला सगळं गाव हाये. तिच्यापाशी कोण हाये? तुमी या, न्हाईतर न्हाई, मी चालले."

पाळकसाहेब शांत माणूस. माझा चढलेला आवाज त्यांना नवा नाही, आमच्या चर्चच्या बैठकांत त्यांनी तो पुष्कळ ऐकलाय. ते एवढंच म्हणाले, "पेटी कोण उचलील?"

ओढ्यापलीकडं

उजाडताच निघालो. भुरभुर चालूच होती. पेटी पाळकसाहेबांच्या डोक्यावर, पुढं मर्सी, मागं मी साडी खोचून. ओढ्याच्या उतारावर साहेबांचा पाय घसरला. स्वतः चिखलात बसले, पण पेटी वरच्या वर धरून ठेवली. मर्सीनं त्यांना उठवलं. कुणी हसलं नाही.

मातीचं घर, वर गवताचं छप्पर, अंगण झाडून लख्ख. मर्सीनं दारातून हाक दिली, "ओडी!" आपण बाहेरून 'आहेत का घरात?' म्हणतो तसंच. म्हातारी बाहेर आली. आम्हाला बघून तिनं चटई आणून टाकली.

मी चटईवर बसले नाही. माझे गुडघे गेलेत, वाकतानाच कुरकुरतात, पण मी तिच्यापुढं मातीत गुडघे टेकले. "मर्सी, सांग हिला. म्हणावं, आमच्या मुलखात पाहुणा आधी नको म्हणतो. ते नको खरं नसतं. समोरच्यानं पुन्हा म्हणावं म्हणून असतं. मी तुझ्या दुसऱ्या शब्दाची वाट बघत होते. तुझ्या घरी यायचं मला नको नव्हतं."

मर्सीनं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. मग काहीतरी बोलली आणि पहिल्यांदाच किंचित हसली.

"आगोगो विचारतेय," मर्सी म्हणाली. आगोगो म्हणजे आजी, तिला सगळं गाव तसंच म्हणायचं. "म्हणतेय, तुमच्याकडं माया असली की दोनदा विचारतात?"

"व्हय," मी म्हटलं.

आगोगोनं घराच्या दाराकडं बघितलं. "आणि ज्याच्यापाशी दोनदा विचारायला वेळ नसेल त्यानं काय करायचं?"

मी उठले आणि पेटी घेऊन आत गेले.

आत अंधार होता, चुलीचा धूर होता. तमांडा भिंतीला टेकून बसली होती, आईनं तिला पाठीशी पोतं देऊन बसवलं होतं. हाडं आणि मोठे डोळे, एवढंच उरलेलं. आमची चाहूल लागताच तिनं डोक्यावरचं फडकं नीट केलं. पाहुणे आले म्हणजे बाईचा हात आधी पदराकडं जातो, तिकडंही तेच. मी पेटी तिच्या इतकी जवळ ठेवली की तिचा हात भात्याला लागावा. भात्याची हवा बोटांवर आली तशी ती हसली.

मी ठरवून ठेवलेलं भजन काही मला म्हणता आलं नाही. माझी आई दळताना म्हणायची ते साधं ख्रिस्तभजन आलं तोंडात, कुठल्या पुस्तकात नसलेलं. हे प्रभो, दार उघडं आहे, आत ये, बस, घर गरिबाचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पहिलं कडवं मी एकटीनं म्हटलं. दुसऱ्याला मर्सीनं खालचा सूर धरला. तिसऱ्याला आगोगो. शब्द एकीलाही येत नव्हते. तमांडाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पण तिचं बोट पेटीच्या लाकडावर ताल धरून होतं, आणि तो ताल माझ्यापेक्षा पक्का होता. मी घाई केली की तिचं बोट मला मागं ओढायचं. गायनमंडळाची पुढारी होती ना ती.

संपल्यावर तिनं मर्सीच्या कानात काही सांगितलं. "अजून एकदा," मर्सी म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा "अजून एकदा." किती वेळा म्हटलं ते ध्यानात नाही. पाळकसाहेब दारात उभे होते. ते सभेचं नाव काढतील असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे पुसले आणि टाळ्यांचा ठेका धरला.

निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी नुसता तिचा हात धरून बसले होते. तिनं माझी पिवळी बोटं बघितली, स्वतःच्या गालाला लावली.

अंगणात आलो तर आगोगो गुडघ्यावर. दोन्ही हातांत तीच तांबडी कोंबडी. जिभेवर 'नको' आलं होतं, जन्माची सवय. मी ते दाताखाली धरलं. पुन्हा गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी कोंबडी घेतली. "झिकोमो," म्हटलं. त्यांच्याकडचं 'उपकार झाले'. कोंबडीचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं.

सभा आमच्यासाठी थांबलेली होती. मी कोंबडी मांडीवर घेऊनच तिथं बसले, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडीत बसायच्या आधी मी ती मर्सीला दिली. "हिला पासपोर्ट न्हाई," म्हटलं. मर्सी म्हणाली, "कापणार नाही. तुमच्या नावानं पाळते."

वसमत

घरी येऊन काही आठवडे झाले होते. शेतांत सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. दुपारी मशीनवर बसले होते, तेव्हा मर्सीचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड करून पाठवलेला.

तमांडा गेली. पहाटे, झोपेतच. शेवटचे काही दिवस तिचं बोट अंथरुणाच्या कडेवर ताल धरायचं आणि आई विचारायची, कुठलं गं? तर ती म्हणायची, भारतातलं. गायनमंडळानं ते भजन मातीच्या वेळी म्हटलं, शब्द येत नव्हते म्हणून नुसत्या सुरात.

मग मर्सी म्हणाली, "मावशी, मयताच्या घरी सगळे काही ना काही आणतात. कुणी पीठ, कुणी सरपण. मी तुमची कोंबडी नेली. तुमच्या नावानं दिली. आगोगोनं ओळखली, स्वतःच्या हातची कोंबडी. बघत राहिली तिच्याकडं. मला वाटलं, नको म्हणेल. पण तिनं दोन्ही हात पुढं केले आणि घेतली."

मी मशीनवर डोकं टेकून रडले. खिडकी उघडी होती, आवाज गेला असणार. अंधार पडायच्या सुमाराला कमलवैनी आल्या. हातात झाकलेलं ताट. वास आला तेव्हाच कळलं, पिठलं-भाकरी.

"वैनी, माझ्या घरातलं कुणी गेलं न्हाई वो."

"मंग एवढी काहून रडलीस? कोण व्हती?"

"लेकीच्या वयाची व्हती. तिकडली. गाणं म्हणायची."

"मंग घरातलीच की," वैनी म्हणाल्या आणि पदर खोचून माझ्यापुढं बसल्या. मी नको म्हणणार, त्या घास भरवणार, याची सगळी तयारी करूनच आल्या होत्या.

मी दोन्ही हात पुढं केले आणि ताट घेतलं. भाकरी मोडली, पहिला घास खाल्ला.

वैनी बघतच राहिल्या. "अगं, एकदा तरी नको म्हण की," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाच रडू फुटलं.